धुतलेल्या चाकांची तपासणी

बैठकीत बाई बोलली की तो नुसता आवाज असतो, आणि तेच पुरुष बोलला की तो मुद्दा होतो. ज्यांना हे पटत नसेल, त्यांनी बस आगारातल्या त्या सोमवारच्या बैठकीला बसायला हवं होतं.

आगारप्रमुखांच्या खोलीत टेबलाभोवती सात माणसं होती. सहा पुरुष आणि एक बाई. ही बाई सकाळच्या पाळीची प्रमुख इंजिनीअर. हातात कायम बॅटरी, गाडी दिसली की वाकून खाली उजेड टाकायचा, म्हणून आगारात तिचं नाव पडलं होतं बॅटरी. तोंडावर मात्र सगळे तिला ताई म्हणत. तिच्या आधी या जागेवर होते ते साहेब, दुपारच्या पाळीवर आहेत तेही साहेब, ही तेवढी ताई. ताई हा शब्द वाईट नाही हो! पण साहेबांनी सांगितलं की माणूस उठतो आणि ताईने सांगितलं की "हो ताई" म्हणून बसून राहतो, हे तिने दोन वर्षांत पुरतं ओळखलं होतं.

"टेकडीवरच्या दवाखान्याला जाणाऱ्या लहान गाड्यांबद्दल बोलायचंय," ती म्हणाली. "उतार फार आहे. त्यांचे ब्रेक आपण पंधरा दिवसांनी उघडून बघतो. ते दर आठवड्याला उघडायला हवेत."

आगारप्रमुख फोनमध्ये बघत होते. "हं. बघू. ताई, जरा पंखा वाढवता का? बटण तुमच्या मागेच आहे."

तिने पंखा वाढवला. बसली. तेवढ्यात वस्ताद खाकरला. वस्ताद म्हणजे मुख्य फिटर, तिच्याच हाताखालचा. केस पिकलेले, आवाज खर्जातला.

"साहेब, माझं म्हणणं असंय, टेकडीच्या गाड्यांचे ब्रेक आठवड्याला उघडावेत. उतार बेकार आहे."

आगारप्रमुखांनी फोन खाली ठेवला. "वा! याला म्हणतात अनुभव. पुढच्या महिन्यापासून सुरू करू. ताई, घ्या लिहून, तुमचं अक्षर चांगलं आहे."

आपलंच वाक्य, आपल्याच हाताने, दुसऱ्याच्या नावावर लिहायचं! तिने लिहिलं. पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर वळ उठले. वस्तादाला काही चोरल्यासारखं वाटलंसुद्धा नाही. त्याने ते ऐकलं होतं, त्याला पटलं होतं, आणि कोण बोललं हे त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. यात लबाडी असती तर परवडली असती. लबाडाला पकडता तरी येतं.

बैठक संपली तशी ती फणफणत बाहेर पडली आणि अंगणातून तपासणीच्या खड्ड्याकडे निघाली. वाटेत धुण्याचा ओटा लागतो.

इथे आगाराची एक पद्धत सांगायला हवी. फेरीवरून आलेली गाडी आधी ओट्यावर जायची. तिथे सहा बायका गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, नळी आणि खराटा घेऊन ती धुवायच्या. चिखल, धूळ, तेलाचे ओघळ, सगळं साफ. मग गाडी खड्ड्यावर, तिथे इंजिनीअरने खालून बघायचं आणि सही करायची. साहेबांचे कपडे मळू नयेत म्हणून कोण्या जुन्या साहेबांनी ही पद्धत पाडली होती. म्हणजे गाडीची खरी अवस्था रोज कोण बघायचं? त्या सहा जणी! आणि दोषवहीत, जिथे गाडीचं दुखणं लिहायचं तिथे, कोणाला लिहायची मुभा होती? चालकाला, फिटरला, मुकादमाला. धुणाऱ्या बायकांनी त्या वहीला हात लावला तर वही ओली होते, असं मुकादमाचं म्हणणं.

त्या सहा जणींत जी सगळ्यांत जुनी, तिला सगळे थोरली म्हणत. एकवीस वर्षं ती त्या ओट्यावर उभी होती. तिने नळी बाजूला धरली.

"ताई, जरा थांबता का?"

"काय आहे?"

"आठ नंबर गाडीच्या मागच्या डाव्या चाकाला आतून ओल येतेय. परवा होती, काल होती, आजही आहे."

"मावशी, तुम्ही दिवसभर पाणी मारता. ओल येणार नाही तर काय धूळ येणार?"

बाकीच्या जणी हसल्या. थोरली हसली नाही.

"पाणी मारायच्या आधीचं सांगतेय मी. आणि पाण्याने रंग सुटत नाही. हे बघा." तिने अंगठा पुढे केला. नखात करड्या रंगाचा पापुद्रा होता. "चाकाचा रंग फुगलाय आतून. नखाने निघतोय. धुतलं की ओल जाते, म्हणून तुम्हाला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेच."

ब्रेकचं तेल रंगाला खातं आणि पाण्याने धुऊन जातं, हे बॅटरीला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत तिने ते लिहिलं होतं. पण त्या घटकेला तिच्या कानात अजून पंख्याचं बटण वाजत होतं. आत सहा पुरुषांनी जो अपमान केला, तो कुणावर तरी उतरायला हवा होता, आणि समोर रबरी बूट घातलेली एक बाई उभी होती. वड्याचं तेल वांग्यावर निघतं ते असं.

"माझ्याकडे वेळ नाही. मुकादमाला सांगा, तो वहीत लिहील."

"सांगितलं. तो म्हणतो, धुणाऱ्याने धुवावं."

"मग धुवा ना!"

बाकीच्या जणी पुन्हा खराट्याला लागल्या. थोरलीने एकदा तिच्याकडे बघितलं, मग नळी उचलली आणि आठ नंबरच्या चाकावर पाणी सोडलं.

अर्ध्या तासाने तीच गाडी खड्ड्यावर आली. बॅटरी खाली उतरली. मागच्या डाव्या चाकापाशी उजेड क्षणभर थांबला. चाक ओलं होतं. पण चारही चाकं ओली होती. दोषवहीत काही नोंद नव्हती. तिने सही केली.

मंगळवारी थोरली काही बोलली नाही. सांगून झालं होतं.

बुधवारी सकाळी दवाखान्याची माणसं घेऊन उतरताना आठ नंबरचा ब्रेक थेट तळाला गेला. चालक होता गोगलगाय. सगळ्यांत सावकाश चालवतो म्हणून इतर चालकांनी ठेवलेलं नाव. त्या दिवशी त्याचं सावकाश असणं एकवीस जणांच्या कामी आलं. त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली, हातब्रेक ओढला, दरीची बाजू सोडून टेकडीच्या अंगाने गाडी घासत नेली आणि स्वतःच्या बाजूने दगडाला भिडवली. अकरा जणांना टाके पडले. एका म्हातारीचा खांदा निखळला. मेलं कुणी नाही. गोगलगायीचा उजवा पाय मात्र गुडघ्याखाली चिरडला. दोन मुलींचा बाप, वय एक्केचाळीस.

बातमी आली तेव्हा बॅटरी खड्ड्यात होती. कुणीतरी वरून ओरडलं, "आठ नंबर गेली!" आणि तिच्या डोळ्यांसमोर गाडी आली नाही, चालक आला नाही. आलं ते एक नख.

गुरुवारी आगारप्रमुखांनी घाईघाईने माणसं जमवली. दुसऱ्या दिवशी वरून मोठे साहेब चौकशीला येणार होते, त्याआधी कारण सापडायला हवं होतं.

"मागच्या डाव्या चाकाची ब्रेकच्या तेलाची नळी फुटली आहे," ते म्हणाले. "वहीत आधीची नोंद नाही. तपासणीची सही आहे. म्हणजे आपण स्वच्छ. मग ती नळी दुखावली कुठे? ओट्यावर! या बायका खराट्याचे दांडे घालतात चाकात. हिसका बसला असणार."

"बसला असणार," मुकादम म्हणाला.

"कोण धुतं आठ नंबर?"

"थोरली."

"मग उद्यापासून कामावर नको ती. तिच्या हलगर्जीपणाने झालं असं लिहून ठेवू."

पाणी उताराकडे जातं आणि दोष गरिबाकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि बॅटरी? ती त्या खोलीत होती. तोंड उघडलं, मिटलं. एक शब्द बोलली नाही. तिची सही स्वच्छ होती ना!

दुपारी ती ओट्यावर गेली. थोरली आपले बूट पिशवीत भरत होती. एकवीस वर्षांचा संसार एका पिशवीत मावला होता.

"मावशी, मला माफ करा," बॅटरी हळूच म्हणाली. आजूबाजूला कुणी नाही हे आधी बघून. "तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मला रात्रभर झोप नाही."

"मग आज लागेल. सांगितलंत ना मला."

"असं बोलू नका."

"कसं बोलू?" थोरलीने पिशवी खाली ठेवली. "माझं नाव साहेबांच्या खोलीत घेतलं, सात माणसांसमोर. आणि माफी मागायला तुम्ही इथे नळामागे आलात. आरोप चव्हाट्यावर आणि माफी कोपऱ्यात! बरा आहे हा हिशेब."

बॅटरीचे डोळे भरून आले. "तुम्हाला माहीत नाही, आत माझं काय होतं ते. मी बोलले तर कुणी बघत नाही. तेच वस्ताद बोलला की वाहवा. त्या सोमवारी मी इतकी चिडले होते..."

"माहीत आहे मला. खिडकी उघडी असते, आम्ही खालीच असतो. तुमचा राग खरा आहे, ताई. मी तर म्हणते आणखी चिडा. पण एक सांगा. ते तुमचं ऐकत नाहीत, म्हणून तुम्ही माझ्यावर चिडलात. तुम्ही माझं ऐकलं नाही, तर मी कुणावर चिडायचं? माझ्याखाली कोण आहे? खराटा?"

बॅटरी पिशवीतल्या बुटांकडे बघू लागली.

"ते बाई म्हणून तुम्हाला मोजत नाहीत. तुम्ही धुणारी म्हणून मला मोजलं नाही. तुम्हाला वाटतं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. काठी एकच आहे, ताई. तुमच्या पाठीत बसते तेव्हा तुम्हाला दिसते, तुमच्या हातात असते तेव्हा दिसत नाही."

"मी काय करू, सांगा."

"मी कशाला सांगू? सांगितल्यावर काय होतं ते बघितलं की मी!" थोरलीने पिशवी उचलली. चार पावलं गेली आणि वळली. "माझ्या नोकरीचं सोडा. पण उद्या माझ्या जागी दुसरी येईल. तिलाही ओल दिसेल. आणि माझं काय झालं हे तिला ठाऊक असेल. ती बोलेल का?"

घरी नवऱ्याने ताट वाढून ठेवलं होतं. माणूस भला होता. तिने सगळं सांगितलं तेव्हा त्याने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मग म्हणाला, "तुझं नाव कुठेच नाही ना? मग कशाला ओढवून घेतेस? त्या खुर्चीवर बसणारी तू पहिली बाई. चूक कबूल केलीस तर म्हणतील, बघा, बाईला जमलं नाही. तुझ्यामागून येणाऱ्या पोरींचंही दार लागेल."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते तिला जास्त टोचलं.

"आणि गप्प बसले तर?" ती म्हणाली. "दार उघडं राहील. पण आत जाणारी प्रत्येक पोर काय शिकून जाईल? वर चढायचं असेल तर खालच्या बाईवर पाय द्यायचा?"

"मग काय करणार आहेस?"

"बोलणार आहे. सगळ्यांसमोर."

शुक्रवारी चौकशी बसली. मोठे साहेब कागद चाळत होते. आगारप्रमुखांनी घडाघडा सांगितलं: वही कोरी, सही जागेवर, ओट्यावरचा हलगर्जीपणा. मोठे साहेब वस्तादाकडे वळले. "तुमचं मत?"

"साहेब," बॅटरी म्हणाली, "तपासणी माझी होती. मला विचारा."

"ताई, मध्ये बोलू नका, साहेब वस्तादांना..."

"मध्ये नाही बोलत. माझ्या जागेवरून बोलतेय." ती उभी राहिली. आवाज स्थिर होता. "ओट्यावर काहीही तुटलेलं नाही. सोमवारी थोरलीने मला सांगितलं होतं, मागच्या डाव्या चाकातून ओल येतेय, रंग सुटतोय. तीन दिवसांपासून. नखातला रंग दाखवला. मी तिला म्हणाले, मग धुवा! आणि त्या गाडीवर सही केली. हे माझ्या हातून झालं. तिच्या नाही."

मोठ्या साहेबांनी कागद चाळणं थांबवलं.

"अपघातामुळे ताई जरा भावनेच्या भरात आहेत," आगारप्रमुख हसल्यासारखं करून म्हणाले. "बायकांचं मन..."

"माझं मन बाजूला ठेवा!" ती कडाडली. "तेलाबद्दल बोला! वस्ताद, आज सकाळी तुमच्याच हाताखालच्या पोरांना विचारून आले मी. गोगलगायीने तुमच्याकडे तोंडी तक्रार केली होती, पायाला ब्रेक मऊ लागतोय. आठ दिवसांत तीनदा तुम्ही तेल भरलंत. गेलं कुठे ते तेल? आकाशात?"

वस्तादाचा चेहरा उतरला. "तेल थोडं कमी होतंच... घातलं की चालतं..."

"वहीत लिहिलंत?"

"तेल भरणं कोण लिहितं, ताई?"

"म्हणजे गोगलगायीच्या पायाने सांगितलं, ते तुम्ही ऐकलं नाही. थोरलीच्या नखाने सांगितलं, ते मी ऐकलं नाही. सोमवारी मी या खोलीत सांगितलं, ते कुणीच ऐकलं नाही. वस्ताद बोलले तेव्हा ऐकलं, तेही पुढच्या महिन्यापासून! गाडीला तोंड नव्हतं तरी ती बोलत होती हो! ज्यांना ऐकू आलं त्यांना बोलायची मुभा नव्हती, आणि ज्यांना मुभा होती त्यांचे कान बघत होते, कोण बोलतंय ते!"

मोठ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे लेखी द्याल? ठपका तुमच्यावर येईल."

"लेखीच द्यायचंय. ती सही माझी होती, हीही माझीच असेल."

मग त्यांनी थोरलीला बोलावलं. ती दाराबाहेरच होती. बॅटरीनेच सकाळी निरोप धाडला होता, येताना मात्र ती स्वतःच्या मर्जीने आली होती. मोठ्या साहेबांनी विचारलं, "एवढं दिसलं होतं, तर वहीत का नाही लिहिलंत? लिहिता येतं का तुम्हाला?"

"नाही," थोरली म्हणाली. "बघता येतं."

वस्तादाने मान खाली घातली. मग बाकीच्यांआधी तोच उठून बोलला. "साहेब, तीनदा तेल मी भरलं. माझंही नाव लिहा. आणि ते आठवड्याच्या तपासणीचं... ते मूळ बोलणं ताईंचं होतं. मला आज आठवलं." त्या खोलीत हे बोलायला त्याला किती जड गेलं असेल ते त्याचं त्याला ठाऊक. पण बोलला.

सगळं काही गोड झालं असं समजू नका. बॅटरीच्या नावावर ठपका बसला आणि सहा महिने तिच्याकडून पाळीचं प्रमुखपद काढून घेतलं. "शेवटी बाईच ती," असं म्हणणारे म्हणालेच. आगारप्रमुखांना मात्र कुणी धक्काही लावला नाही. अशांना तो सहसा लागत नाही. गोगलगायीला आता कुबडी घेऊन चालावं लागतं आणि तिकिटांच्या खिडकीत बसावं लागतं. बॅटरी त्याला भेटायला गेली आणि खरं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. माफ केलं म्हणाला नाही. का म्हणावं त्याने?

पण थोरलीचं काम राहिलं. आणि मोठ्या साहेबांनी दोन ओळींचा हुकूम काढला: गाडी आधी तपासायची, मग धुवायची, आणि ओट्यावरच्या बाईने काही सांगितलं तर ते तिच्या नावाने वहीत चढवायचं, चढवणाऱ्याच्या नावाने नाही. पहिल्या आठवड्यात इंजिनीअरांचे कपडे मळले. कुरकुर झाली. थोरली म्हणाली, "आणा इकडे, धुवायला आम्ही आहोतच!" आणि त्या ओट्यावर पहिल्यांदा वस्ताद आणि बायका एकत्र हसले.

वाचकहो, तुमचंही ऑफिस असेल, दुकान असेल, शाळा असेल. तिथेही कुणी बाई बोलते आणि तिला पंख्याचं बटण दाखवलं जातं. त्याचा राग यायलाच हवा! ज्याला येत नाही, त्याने स्वतःला शहाणा म्हणवू नये. पण त्या रागाने तुम्ही ज्याच्यावर ओरडता, त्याच्याकडे एकदा नीट बघा. तो जर तुमच्यापेक्षा खालच्या पायरीवर उभा असेल, तर तुमचा राग न्यायाचा नाही, फक्त हस्तांतराचा आहे. दुसऱ्याचं ऐकणं म्हणजे त्याच्यावर मेहरबानी नव्हे. ते कामच आहे, आणि ते न करणाऱ्याने घेतलेला पगार हरामाचा आहे. कोण बोलतंय हे बघून जो ऐकायचं की नाही ते ठरवतो, त्याच्या सहीवर विसंबून रोज माणसं गाडीत बसतात. पाय त्यांचे जातात.